टोळी आपल्याच शिवारात उतरते : कराड तालुक्यातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसभेचे सर्व मतदार,
कृष्णा-कोयनाकाठची गावे, तालुका कराड, जिल्हा सातारा.

विषय : ऊसतोड टोळ्यांची गावपातळीवर नोंद करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

येत्या २ ऑक्टोबरला आपापल्या गावांत ग्रामसभा भरेल. विषयपत्रिकेवर गटारांची कामे असतील, घरकुलांची यादी असेल आणि नेहमीप्रमाणे पाणीपट्टीची थकबाकी असेल. त्यानंतर काही आठवड्यांतच रेठऱ्याच्या आणि यशवंतनगरच्या कारखान्यांचे गाळप सुरू होईल, आणि बीड, धाराशिव, जालना, परभणी, अहिल्यानगर या भागांतून निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकांतून, ट्रॅक्टरांतून आपल्या शिवारांत उतरतील. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्या आपल्याच हद्दीत राहतील. त्यांची मुले आपल्याच ओढ्याकाठी खेळतील आणि त्यांच्यातील एखादी बाई आपल्याच शिवारात बाळंतही होईल. तरीही आपल्या ग्रामपंचायतीच्या एकाही वहीत त्यांच्यापैकी कोणाचे नाव सापडणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, टोळी उतरली की तिची नोंद गावाने करावी आणि जोवर ती आपल्या शिवारात आहे तोवर तिला गावची एक वस्ती मानावे. हे पुढच्या २ ऑक्टोबरपर्यंत लांबवू नये, म्हणून हे पत्र आजच जाहीरपणे लिहीत आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझे वडील मात्र मुंबईत मशीद बंदरला हमाली करायचे. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक घरांची हीच कहाणी आहे. पाटण, जावळी, खटाव, माण, कराड या तालुक्यांतल्या जिरायती गावांनी मुंबईच्या गोद्यांना, बाजारांना आणि गिरण्यांना तीन-तीन पिढ्या माणसे पुरवली. गावच्या माणसांची मिळून तिथे एक खोली असायची आणि तिच्यात वळकट्या पाळीपाळीने पसरल्या जायच्या. त्या हमालांचीही टोळी असायची, टोळीवर मुकादम असायचा आणि मजुरीतला किती पैसा कोणाच्या हाती अडकतो हे पाठीवर पोते घेणाऱ्याला कधी कळायचे नाही. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी या हमालांना एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी व तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने ती नोंदलेल्या कामगाराच्या नावावर द्यायची, अशी त्याची साधी रचना आहे. भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना या गोष्टी त्या नोंदीच्या मागोमाग आल्या. वडिलांनी मंडळाचे ओळखपत्र शेवटपर्यंत ट्रंकेत, लग्नाच्या फोटोशेजारी ठेवले होते.

माथाडी हा शब्द माथ्यावरून आला. आता आपल्याच फडात जाऊन पाहा. ज्यांच्याकडे बैलगाडी नाही, जे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन, फळीवरून चढत ट्रॅक्टरची ट्रॉली भरतात, त्यांच्या तळाला ‘डोकी सेंटर’ म्हणतात. टोळी आणि मुकादम हे शब्दही तेच आहेत. ज्या जिल्ह्याच्या माणसांना माथ्यावरच्या ओझ्याचा हिशेब मिळवायला एवढा झगडा करावा लागला, त्या जिल्ह्यात दुसऱ्याच्या माथ्यावरचे ओझे कोणाच्या खाती आहे हे विचारणारे कोणी नसावे, याचे मला नवल वाटते.

हे मजूर नेमके कोणाचे, हा प्रश्न गावात विचारला की हात कारखान्याकडे दाखवला जातो. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला उचल दिली आहे. मुकादम म्हणतो, मी कोयत्याला उचल दिली आहे. आणि कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. हिशेब कोयत्याच्या नावावर, आणि कोयता नवऱ्याच्या नावावर. बायकोचे नाव त्यात कुठेच नसते. पावसाळ्यात, घरात काही नसताना घेतलेली उचल हंगामभर तोडून फेडायची आणि फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. एक दिवस काम चुकले तर खाडा धरतात. जोडीतली बाई तापाने फणफणली तरी खाडा दोघांचा. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला, पण बीडहून कराडला येणाऱ्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते, म्हणून तो त्या कायद्याच्या बाहेरच राहिला.

आता आपली बाजू पाहू. आपल्या उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, जाहीर होते तेव्हा तिच्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, हे बिल हातात पडल्यावर आपण सगळेच आधी बघतो आणि त्यावरून कारखान्याच्या सभेत तावातावाने बोलतोही. म्हणजे तोडणीची मजुरी आपल्या उसाच्या पैशातून जाते. बिल मागताना आपण हे ठासून सांगतो आणि पाण्याचा नळ मागायला कोपीवरची, म्हणजे तळावरच्या झोपडीतली, बाई आली की नेमके हेच विसरतो.

या पत्राला काय उत्तर येणार हे मला ठाऊक आहे, कारण गेली काही वर्षे मी ते चावडीवर ऐकत आलो आहे. ‘गुरुजी, तुम्ही टोळीची बाजू घेता, पण उचल घेऊन टोळ्या पळतात त्याचे काय?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, मुकादमाला उचल दिली, आणि हंगामाच्या तोंडावर मुकादमाचा फोन बंद झाला. त्याच्या घरातली एक एकर जमीन त्यात गेली. खुशालीचा त्रासही खरा आहे. वरचे पैसे दिल्याशिवाय फडाला कोयता लागत नाही, असा अनुभव लहान शेतकऱ्याला दर वर्षी येतो, आणि ज्याचा ऊस तुरे येऊन उभा आहे तो मुकाट्याने पैसे काढून देतो. पण या दोन्ही रोगांचे मूळ एकच आहे. सगळा व्यवहार तोंडी आहे आणि सगळी माणसे एका मुकादमाच्या खिशातल्या वहीत आहेत. त्या तरुणाकडे टोळीतल्या एकाही माणसाचे पूर्ण नाव नव्हते, गावाचा पत्ता नव्हता, आधारची प्रत नव्हती. मुकादमाला दिलेले पैसे मजुरांपर्यंत पोचले की नाही हेही त्याला आजतागायत कळलेले नाही. आपल्या ग्रामपंचायतीत प्रत्येकाची नावानिशी नोंद असती, तर त्या व्यवहारात मजूर असा झाकला गेला नसता आणि हा तरुणही असा उघड्यावर पडला नसता.

आम्ही गावातले सात-आठ जण हे काम करतो. दोन अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटातल्या तिघी, वर सांगितलेला ट्रॅक्टरवाला तरुण आणि मी. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. सुरुवात चुकीची झाली हे आधीच कबूल करतो. पहिल्या हंगामात आम्ही गावातून जुने कपडे गोळा केले, टेम्पो भरून तळावर नेले, वाटप केले आणि फोटोही काढले. कपडे घेताना एक वयस्क बाई म्हणाली, ‘कपडे हायेत आमच्याकडं गुर्जी. पाण्याचं तेवढं बघा.’ तिच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र ते फोटो नंतर कोणाला दाखवले नाहीत.

पाण्याची गोष्ट अशी होती की, तळापासून सर्वांत जवळची बोअर एका शेतकऱ्याची होती आणि तो मोटार चालू असेल तेव्हाच पाणी भरू द्यायचा. मोटार रात्रीच्या विजेवर चालायची. दिवसभर फडात वाकलेल्या बायका रात्री अकराला हंडे घेऊन उभ्या राहायच्या आणि पहाटे चारला पुन्हा फडाकडे निघायच्या. गावच्या टाकीची पाइपलाइन तळापासून दोनशे पावलांवर होती. तिथून एक नळ काढायचा विषय मासिक सभेत आला तेव्हा एक सदस्य म्हणाले, पाणीपट्टी आम्ही भरायची आणि पाणी परमुलखाने प्यायचे का? आम्ही ही गोष्ट तशीच तळावर सांगितली. दुसऱ्या दिवशी टोळीने कोपीमागे पन्नास रुपये गोळा करून आणले आणि पावती मागितली. ग्रामपंचायतीच्या शिपायाने मुकादमाच्या नावाने एकच पावती फाडायला घेतली, तेव्हा तीच वयस्क बाई पुढे होऊन म्हणाली की पैसे तिने दिले आहेत, तर पावतीवर तिचे नाव घाला. वीस मिनिटे खल झाला. शेवटी बारा पावत्या फाडल्या, त्यातल्या सात बायकांच्या नावाने. नळ आठवड्यात बसला. त्या वर्षी पाणीपट्टी वेळेवर भरणाऱ्यांत तळावरच्या बारा कोप्या होत्या. गावातल्या थकबाकीदारांची यादी मी इथे देत नाही.

शाळेबाबत मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण तो माझा विषय आहे आणि त्यात माझी स्वतःची समजूतही चुकीची होती. मी नोकरीत असताना, हंगाम सुरू झाला की तळावर जाऊन मुले शाळेत आणायचो, नावे घालायचो, चार दिवस मुले यायची आणि पाचव्या दिवशी गळायची. आम्ही शिक्षक आपसांत म्हणायचो, आईबापांनाच शिक्षणाची आस्था नाही. निवृत्तीनंतर एका हंगामात तिसरीतली एक मुलगी भेटली. तिच्याकडे तिच्या गावच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतराच्या गावी शाळेत बसण्यासाठीचा कागद, होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवलेले. मी विचारले, मग शाळेत का येत नाहीस? तिने काही न बोलता कडेवरच्या भावाकडे पाहिले. दीड वर्षाचे पोर होते. आईबाप फडात, मग ते पोर कोणाजवळ ठेवायचे?

अंगणवाडीत चौकशी केली तर तिथे नाव घालायला अडचण. पट भरलेला आहे, आहार मोजून येतो, ही मुले आपल्या गावची नाहीत. वास्तविक अंगणवाडीच्या सेवेला रहिवासाची अट नाही आणि अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला आणि गरोदर व स्तनदा मातेला पोषण आहाराचा हक्क आहे, मग ते बाळ वाड्यातले असो की कोपीतले. आमच्या सेविका पुढे सरसावल्या. पर्यवेक्षिकेकडे लेखी मागणी गेली आणि त्या पोराचे नाव पटावर चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी भावाला अंगणवाडीत सोडून शाळेत आली आणि पट्टा पडेपर्यंत, मोजके दिवस सोडता, येत राहिली. पस्तीस वर्षे शाळेत घालवूनही, अशा मुलीची हजेरी अंगणवाडीच्या दारात ठरते हे मला निवृत्तीनंतर कळले.

कायद्याकडे बोट दाखवायचे तर शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या, नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये मोजली आहेत, आणि त्यांत स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची जबाबदारी स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. स्थानिक प्राधिकरणात ग्रामपंचायत येते. म्हणजे ही मेहेरबानी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली ती याच तालुक्यातल्या काले गावी. त्या गावापासून चार-पाच कोसांच्या आत आजही उसाच्या पाचटावर बसून मुले दिवस काढतात, हे मी कोणावर आरोप म्हणून लिहीत नाही. मीही याच तालुक्यात मास्तर होतो.

त्या मुलीमुळे आणखी एक गोष्ट घडली. काट्यावरून आलेली वजनाची चिठ्ठी ती वाचू लागली. आधी आईला, मग शेजारच्या कोपीला, मग साऱ्या तळाला. भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. संध्याकाळी चुलीच्या उजेडात बायका तिच्याभोवती बसायच्या आणि ती टन आणि किलोंची बेरीज मोठ्याने करायची. बचत गटातल्या तिघींनी ते पाहिले आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तळावर वर्ग सुरू केला. पाटी नाही, पुस्तक नाही, चिठ्ठ्या हेच पाठ्यपुस्तक. अ-आ-ई ऐवजी आम्ही अंकांपासून सुरुवात केली, आणि ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते तिला महिन्याभरात निव्वळ वजनाचा रकाना ओळखता येऊ लागला. मुकादमाला हे रुचले नाही. तो दोनदा येऊन, झोपायच्या वेळी बायकांना कशाला बसवता, असे म्हणून गेला. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. काही जणी बसल्या जागी पेंगायच्या.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संकुलात बैठक होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. बातमी मोठी होती. पण वाढ टनावर मिळते, आणि आपल्या कोयत्याचे टन किती झाले हे ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती वाढ किती आली हे तो कशावरून सांगणार? आमच्या तळावरच्या बायकांनी एका हंगामात स्वतःची वही ठेवली. हंगामाच्या शेवटी ती मुकादमाच्या वहीशी लावून पाहिली, तेव्हा दहा टनांचा फरक निघाला. सहा टनांची चूक मुकादमाने कबूल केली. चार टनांवर वाद राहिला तो राहिलाच.

रेशनबाबत थोडक्यात सांगतो. शिधापत्रिका कुठल्याही गावची असली तरी धान्य आपल्या दुकानात अंगठा लावून घेता येते. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांचा वाटा तिकडे घ्यावा आणि इकडच्यांनी इकडे, हेही चालते. अडचण दोन ठिकाणी येते. उसाच्या पात्यांनी आणि कोयत्याच्या मुठीने बोटे इतकी झिजलेली असतात की यंत्राला अंगठा उमटत नाही. आणि दुकानदाराकडे वाढीव कोटा आलेला नसतो, म्हणून तो पुढच्या महिन्यात या म्हणतो. आपल्या गावात किती माणसे उतरली हे ग्रामपंचायतीने पहिल्याच आठवड्यात तहसीलच्या पुरवठा शाखेला लेखी कळवले, तर दुसरी अडचण बरीचशी सुटते. दुकानदाराशी भांडून ती सुटत नाही. आम्ही भांडून पाहिले आहे.

आरोग्याबद्दल लिहिताना हात जड होतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. हे आकडे बीडचे म्हणून आपण वाचून सोडून दिले. पण त्या बायका वर्षातले सहा महिने आपल्याकडे किंवा आपल्यासारख्याच गावांत राहिलेल्या असतात. आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत मोळी वाहायची आणि आराम केला तर खाडा, हे सारे त्यांनी आपल्या शिवारात सोसलेले असते. आपल्या वेशीवर हागणदारीमुक्त गावाची पाटी आहे, आणि पाटीच्या पलीकडे तळावरच्या बायका अंधार पडायची वाट पाहतात. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. त्यातून तळाजवळ दोन शौचालये आणि एक न्हाणी बांधणे हा काही डोंगर उचलण्याचा विषय नाही. उपकेंद्र सकाळी उघडते आणि फड पहाटे गाठायचा असतो, त्यामुळे तपासणी तळावरच, संध्याकाळी व्हायला हवी. आमच्या आशाताईंनी आरोग्यसेविकेला घेऊन महिन्यातून एकदा हे सुरू केले, तेव्हा पहिल्याच फेरीत सातवा महिना चालू असलेल्या दोघी निघाल्या. दोघींची नावे आधी कुठल्याही यादीत नव्हती. त्यांतली एक इथेच बाळंत झाली. जन्म जिथे झाला तिथल्या दप्तरी नोंद करायची असते, म्हणून आमच्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत त्या बाळाचे नाव आहे. ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही नोंद विनातक्रार केली, हेही सांगायला हवे.

काही जण म्हणतील, आता हार्वेस्टर येत आहेत, चार वर्षांत टोळ्याच राहणार नाहीत. यंत्रे येतील, यावीत. पण यंत्राला रुंद सरी लागते, मोठा सलग प्लॉट लागतो, आणि आपल्या नदीकाठच्या वीस-वीस गुंठ्यांच्या पट्ट्यांत, वाऱ्याने लोळलेल्या उसात ते कसे फिरते हे ज्यांनी पाहिले आहे ते एवढ्या घाईने बोलणार नाहीत. काही म्हणतील की हे काम सरकारचे आहे. सरकारने २०१९ साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ काढले, त्यासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून घ्यायचे ठरले आणि मुलांसाठी त्यांच्या मूळ तालुक्यांत वसतिगृहांची योजनाही आली. त्या पैशाचे पुढे काय होते हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. पण वसतिगृह झाले तरी दीड वर्षाचे पोर आईबरोबरच येणार, आणि महामंडळाचा कोणी अधिकारी आपल्या टाकीचा कॉक फिरवायला येणार नाही.

म्हणून ग्रामसभेपुढे ठेवण्याचा ठराव असा असावा. हंगाम सुरू झाल्यापासून आठ दिवसांत गावच्या हद्दीतल्या प्रत्येक तळाला ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका, आशा आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी एकत्र भेट द्यावी आणि प्रत्येक माणसाची, लहान मुलांसह, नावानिशी नोंद करावी. तिची प्रत शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि पुरवठा शाखा यांच्याकडे जावी. पोलीस ठाण्याला द्यायची तर जरूर द्या, पण आधी तिथे आणि मग शाळेत असा क्रम नको. नाहीतर पुढच्या वर्षी कोपीतले कोणी आपले नाव सांगणार नाही. तळाची जागा शेतकऱ्याने ठरवतानाच पाण्याचा आणि आडोशाचा विचार ग्रामपंचायतीने करावा. वाहतूकदाराने उचलीचा करार करताना त्यात कोयत्यातल्या दोघांचीही नावे घालावीत, अशी शिफारस ग्रामसभा करू शकते. सक्ती करण्याचा अधिकार तिला नाही हे मला माहीत आहे. आणि टोळीतल्या दोन बायकांना, मुकादमाला नव्हे, महिला ग्रामसभेत बसायचे आमंत्रण द्यावे. मत देता येणार नाही, पण नळ कुठे हवा हे तर त्यांना सांगता येईल.

ही माणसे आपल्या वॉर्डातली मतदार नाहीत. त्यांच्यासाठी काही केले म्हणून कोणी पुढच्या वेळी निवडून येणार नाही, आणि नाही केले म्हणून पडणारही नाही. त्यामुळे हा ठराव एखाद्या गावाने केला तर तो कोणाच्या दबावाने केला असे कोणी म्हणू शकणार नाही.

ठराव झाला तर त्याची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी. नोंदवहीचा नमुना ज्या गावाला हवा असेल त्याने मागून घ्यावा, मी स्वतः आणून देईन. वही साधीच आहे. शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा मारलेल्या आहेत. फक्त नावाच्या रकान्यात नवरा आणि बायको वेगवेगळ्या ओळींवर आहेत, आणि दोघांच्याही नावासमोर सहीची जागा सोडली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
तालुका कराड, जिल्हा सातारा